कानात आवाज येतोय? आधी कान तपासा, मग जबड्याकडे बघा

कानात सतत शिट्टी, घुं-घुं किंवा रातकिडे ओरडल्यासारखा आवाज यायला लागला की पहिले काही दिवस माणूस सैरभैर होतो. मोबाईलवर शोधलं की अर्ध्या तासात मेंदूच्या गाठीपासून ताकदीच्या गोळ्यांपर्यंत सगळं समोर येतं. मग कोणीतरी ओळखीचं सांगतं, "कानाचं नाही ते, जबड्याचं असते." यात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे. मी डॉक्टर नाही. हा आवाज माझ्या डाव्या कानात राहतो, माझ्या बाबतीत त्यात जबड्याचा वाटा निघाला, आणि या वाटेवर जे शिकायला मिळालं ते नव्याने या त्रासात पडलेल्यांसाठी क्रमाने लिहितेय. क्रम महत्त्वाचा आहे. जबड्यापासून सुरुवात केली तर कानाचा एखादा गंभीर आजार हातातून निसटू शकतो.

डॉक्टर याला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद. हा स्वतंत्र आजार नाही, लक्षण आहे. बहुतेकांमध्ये त्याच्या मागे थोडीफार कमी झालेली ऐकण्याची क्षमता असते, वयामुळे किंवा मोठ्या आवाजात राहिल्यामुळे. जबड्याशी जोडलेला आवाज हा त्यातला लहान गट. तरीही तो तपासायचा, कारण इथे रुग्णाला स्वतःला करण्यासारखं बरंच काही असतं.

जबड्याचा कानाशी काय संबंध?

तर्जनीचं टोक कानाच्या भोकासमोर, गालाच्या बाजूला ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. बोटाखाली एक हाड आधी फिरतं आणि मग पुढे सरकतं. तो जबड्याचा सांधा. त्याच्या आणि कानाच्या नळीच्या मध्ये हाडाचा फक्त पातळ पडदा असतो, म्हणून सांधा दुखला तरी माणूस "कान दुखतोय" म्हणतो. सांध्यात एक छोटी चकती असते. ती जागेवरून सरकली की तोंड उघडताना 'कट्' असा आवाज येतो.

दुसरा धागा नसेचा. चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या पाचव्या मज्जातंतूची, म्हणजे ट्रायजेमिनल नसेची, एक शाखा चावण्याचे सगळे स्नायू चालवते. कानाच्या पडद्याला ताण देणारा एक चिमुकला स्नायूही तीच शाखा चालवते. शिवाय कानाकडून येणारी माहिती मेंदूच्या देठात ज्या पहिल्या ठाण्यावर उतरते, तिथेच जबडा आणि मानेकडून येणारे संदेशही पोचतात. ते सतत ताणाचे असतील तर ऐकण्याच्या पेशींची लय बिघडते आणि नसलेला आवाज ऐकू येतो, असं रॉबर्ट लेव्हाईन या डॉक्टरांनी १९९९ साली मांडलं. जबडा आणि कान यांची सांगड त्याहूनही जुनी आहे. जेम्स कॉस्टेन या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञांनी १९३४ साली ती लिहून ठेवली होती. त्यांनी दिलेलं कारण पुढे शरीररचनेच्या अभ्यासात टिकलं नाही, पण जबडा दुखणाऱ्या रुग्णांना कानाच्या तक्रारी असतात हे निरीक्षण टिकलं.

पायरी १ : थांबायचं कधी नाही

एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, कमी ऐकू यायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आपल्याकडे लोक "दडे बसले असतील, सर्दी झाली आहे" म्हणून आठवडा काढतात. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टिरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ऐकू परत येण्याची आशा जास्त, आणि दोन आठवडे उलटले की ती बरीच मावळते. रविवार असेल, सण असेल, तरी जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा; नागपुरात असाल तर 'मेडिकल' (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा 'मेयो' (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय).

आवाज नाडीच्या ठोक्यांबरोबर धप्-धप् येत असेल, नव्याने एकाच कानात सुरू झाला असेल, सोबत गरगरत असेल, चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटत असेल, कानातून पू किंवा रक्त येत असेल, किंवा डोक्याला मार लागल्यावर सुरू झाला असेल, तरीही जबड्याचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर. आवाजामुळे जगणं नकोसं वाटायला लागलं असेल तर तेही तातडीचंच लक्षण आहे. घरच्यांना सांगा आणि एकटे बसू नका.

पायरी २ : कानाची तपासणी

कान-नाक-घसा डॉक्टर आधी कानात बघतात. कधी कधी नुसता मळ घट्ट बसलेला निघतो आणि तो काढला की आवाज जातो. तोवर कानात गरम तेल, हेअरपिन, आगपेटीची काडी, कापसाची काडी यांतलं काहीही घालू नका. रस्त्यावर कान साफ करून देणाऱ्यांकडेही जाऊ नका. पडद्याला भोक असेल तर तेलाने जंतुसंसर्ग होतो.

मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. कानाला त्रास नाही, फक्त आवाज येतो, असं वाटत असलं तरी करा, कारण वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी झालेलं आपल्याला रोजच्या बोलण्यात कळत नाही. बंद खोलीत हेडफोन लावतात, बारीक 'पीं' ऐकू आली की बटण दाबायचं. इथे टिनिटसवाल्यांची हमखास पंचाईत होते: मशीनचा आवाज कोणता आणि आपला कोणता? बसण्याआधीच ऑडिओलॉजिस्टला सांगा की माझ्या कानात आवाज आहे. ते सलग आवाजाऐवजी तुटक आवाज लावून तपासू शकतात. आलेख असलेला कागद मागून घ्या. पुढे प्रत्येक ठिकाणी तोच लागतो.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. जास्त मात्रेतली ॲस्पिरिन, क्विनाईन, जेंटामायसिन आणि अमिकासिनसारखी इंजेक्शनं, कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाईड यांनी कानात आवाज सुरू होऊ शकतो. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

नागपुरात शासकीय सोय हवी असेल तर मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि जुने कागद सोबत ठेवा.

पायरी ३ : घरी, आरशासमोर

कानात गंभीर काही नाही असं कळलं की आता जबडा. ही तपासणी शांत खोलीत, आरशासमोर, आंघोळ करून निवांत झाल्यावर करा.

तोंड सावकाश उघडा आणि हनुवटीकडे लक्ष ठेवा. ती सरळ खाली जाते, की एका बाजूला सरकून मग मध्ये येते? माझी डावीकडे वळते, आणि वळते त्याच क्षणी कानापुढे 'कट्' वाजतं. नुसतं वाजतं, दुखत नाही, एवढ्यावरून कोणी घाबरू नये. न दुखणारा, न अडकणारा 'कट्' पुष्कळ धडधाकट लोकांच्याही जबड्यात असतो.

आता स्वतःची मधली तीन बोटं उभी जुळवून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये बसतात का बघा. बसली तर तोंड साधारण ४० मिलिमीटर उघडतंय, म्हणजे ठीक. दोनच बसली तर दातांच्या डॉक्टरांकडे जाणं पुढे ढकलू नका.

मग दात आवळा. गालात, जबड्याच्या कोपऱ्याच्या वर, एक स्नायू टणक होतो. दात सोडा आणि तिथे बोटांनी दाबत फिरा. तसंच कानशिलावर. एखादी जागा अशी सापडते की दाबल्याबरोबर "आई गं" निघतं, आणि कधी कधी कळ थेट कानात जाते. अशी जागा सापडली तर ती कोणत्या बाजूला आहे ते लिहून ठेवा. आवाजही त्याच बाजूला असेल तर ती बाब डॉक्टरांसाठी महत्त्वाची आहे.

शेवटी आवाजाची परीक्षा. काही क्षण आपला आवाज नीट ऐका. मग पुढची प्रत्येक हालचाल पाच-सात सेकंद धरून ठेवा: दात घट्ट आवळणं, तोंड पूर्ण उघडणं, खालचा जबडा पुढे काढणं, डावीकडे सरकवणं, उजवीकडे सरकवणं, आणि हनुवटीला तळहाताने विरोध करत तोंड उघडायचा प्रयत्न. मानेचंही असंच करा, कपाळावर हात टेकवून. दुखलं तर तिथेच थांबा. आवाज वाढला, कमी झाला, त्याची पट्टी बदलली, की काहीच नाही? दात आवळल्यावर होणारी आणि सोडल्यावर लगेच जाणारी मंद गडगड यात धरू नका. ती स्नायूंची आहे, कोणालाही ऐकू येते.

एक गोष्ट नीट समजून घ्या. आवाज बदलला म्हणजे जबडाच दोषी, असं सिद्ध होत नाही. ज्यांचं मूळ दुखणं कानातच आहे अशा अनेकांचाही आवाज जबडा हलवल्यावर बदलतो. २०१८ साली तज्ज्ञांच्या एका गटाने यासाठी निकष ठरवले, आणि त्यात भर काळाच्या जुळणीवर आहे: आवाज आणि जबड्याचं किंवा मानेचं दुखणं एकाच सुमारास सुरू झालं का, दोन्ही एकदम वाढतात का, आवाजाची पट्टी आणि जोर दिवसभरात बदलतो का, चुकीच्या बसण्या-झोपण्याने वाढतो का.

पायरी ४ : वही

म्हणून दोन आठवडे वही ठेवा. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर आणि झोपताना आवाजाला शून्य ते दहातला एक आकडा द्या. बाजूला जबड्याचं दुखणं, काय खाल्लं, झोप कशी झाली, एवढंच. दिवसभर कानाकडे लक्ष देऊन बसू नका, त्याने आवाज अंगावर येतो.

वहीतून जे दिसतं ते तपासणीत दिसत नाही. सकाळी उठताना गाल जड, कानशिलं ठणकतात आणि आवाज दिवसातला सगळ्यात मोठा, असं वारंवार लिहिलं गेलं तर रात्री दात खाण्याची शंका घ्यावी. शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा, करकर ऐकू येते का. उलट सकाळी बरं आणि संध्याकाळी वाढतं असेल तर दिवसभर दात आवळून काम करण्याची सवय असू शकते. स्क्रीनसमोर तासन्‌तास हनुवटी पुढे काढून बसणं, फोन कान आणि खांद्यात दाबून बोलणं, वर्धा रोडच्या गर्दीत गाडीवर दात आवळून बसणं, हे सगळं त्यात येतं. माझ्या वहीत महिनाअखेरच्या हिशोबाचे दिवस वेगळे उठून दिसले.

खर्रा खाणाऱ्यांसाठी वेगळं

नागपूर आणि विदर्भात हा विषय टाळून जबड्याबद्दल बोलताच येत नाही. पन्नीवर घोटलेला सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा खर्रा गालात धरून तासन्‌तास चघळायचा, म्हणजे चावण्याच्या स्नायूंना दिवसभर सुट्टीच नाही. पण खरी भीती त्याच्या पुढची आहे. सुपारीमुळे तोंडाच्या आतलं अस्तर हळूहळू कडक होतं, पांढरट पट्टे तयार होतात आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. तीनाची दोन बोटं, दोनाचं एक. सुरुवातीची खूण म्हणजे तिखट झोंबणं. वर्षानुवर्षं सावजी रस्सा ओरपणाऱ्या माणसाला घरचं फिकं वरणही झोंबायला लागतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातून तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो.

कानाशी याचं नातं टाळूतून जातं. घसा आणि मधला कान जोडणारी एक नळी असते. आवंढा गिळताना टाळूचे स्नायू ती उघडतात आणि कानातला दाब सारखा होतो. टाळू कडक झाली की ती नळी नीट उघडत नाही, कान भरल्यासारखा वाटतो, ऐकू कमी येतं. ओळखीतले एक काका कित्येक महिने "कानात पाणी गेल्यासारखं होऊन राहिलं" म्हणून कानाचे ड्रॉप घालत होते. तोंड उघडून दाखवा म्हटल्यावर दोन बोटंही जाईनात. तुमच्या घरात असं कोणी असेल तर त्यांना ओरडू नका, सोबत घेऊन दातांच्या दवाखान्यात जा. आणि खर्रा त्याच दिवशी थांबायला हवा. त्याला पर्याय म्हणून साधी सुपारी किंवा च्युइंगम नको.

पायरी ५ : दातांच्या डॉक्टरांकडे

जबड्याचा सांधा बघणारे डॉक्टर कोण, यातच लोक अडकतात. ओरल मेडिसिन, ओरल सर्जरी आणि प्रोस्थोडॉन्टिक्स या विभागांतले दंतवैद्य हे काम करतात. मेडिकलच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. तिथे केसपेपर काढताना "दात दुखतो" असं मोघम सांगू नका, "जबड्याचा सांधा दुखतो आणि त्याच बाजूच्या कानात आवाज येतो" असं स्पष्ट सांगा. नाहीतर तुमचा नंबर दात काढायच्या रांगेत लागेल. ऑडिओमेट्रीचा कागद आणि वही दाखवा.

ते सांधा आणि स्नायू दाबून बघतात, तोंड किती उघडतं ते मोजतात, दातांची झीज बघतात. ओपीजी नावाचा संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायला सांगू शकतात. त्यात हाड, दाढांची मुळं आणि अडकलेली अक्कलदाढ दिसते. चकती दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो, आणि तो प्रत्येकाला लागत नाही.

रात्री दात खात असाल तर नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कवच, देतील. मापावर बनवलेलाच घ्या. त्याने दात झिजायचे थांबतात आणि अनेकांचे स्नायू सैल होतात. कानातला आवाज त्याने कमी होईलच असं मात्र नाही. जबड्याची आणि मानेची फिजिओथेरपी हा दुसरा चांगला मार्ग, आणि माझ्या मते तो आपल्याकडे फार कमी सुचवला जातो. तुम्हीच विचारा.

आता ज्यावर मी ठाम आहे ते. केवळ कानातल्या आवाजासाठी दात घासून चावा बदलणं, निरोगी दाढा काढणं, तारा लावणं किंवा सांध्याचं ऑपरेशन, यांतलं काहीही पटकन करून घेऊ नका. घासलेला दात परत येत नाही. गार्ड काढून ठेवता येतो, व्यायाम थांबवता येतो. परत फिरता येईल असे उपाय आधी, आणि मोठं काही सुचवलं गेलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं.

पायरी ६ : घरी काय करायचं

सगळ्यात उपयोगी गोष्ट एकदम साधी आहे. 'न' म्हणा आणि तिथेच थांबा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकलेलं, ओठ अलगद मिटलेले, वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटे. जबड्याची ही आरामाची जागा. दात एकमेकांना लागायला हवेत ते फक्त जेवताना आणि आवंढा गिळताना. संगणकाच्या कडेला, फ्रिजवर, गाडीच्या मीटरपाशी एक लाल टिकली चिकटवा. टिकली दिसली की विचारायचं: दात सुटे आहेत का?

दोन-तीन आठवडे जबड्याला हलकं जेवण. वरण-भात, खिचडी, वरणात कुस्करलेली भाकर, पाटवडीचा रस्सा, मऊ पोहे, पण पोह्यांवरच्या तर्रीतला कडक चणा बाजूला काढून. फुटाणे, ऊस, चिवट मटण, मक्याचं कणीस, आख्खं सफरचंद सध्या नको. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी चावा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा म्हणजे तोंड फार उघडणार नाही. दुखऱ्या गालावर ओल्या गरम टॉवेलचा शेक पंधरा-वीस मिनिटं, संध्याकाळी. पालथं झोपणं सोडा. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहू नका, त्यांतल्या काही आवाज वाढवतात.

आवाजासोबत राहताना शांतता टाळा. नागपुरात हे ऋतूप्रमाणे बदलतं. उन्हाळ्यात रात्रभर कूलर घरघरतो आणि कानातला आवाज त्यात विरून जातो. डिसेंबरच्या थंडीत कूलर झाकलेला, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, आणि तोच आवाज दुप्पट वाटतो. आजार वाढला असं समजून लोक त्या दिवसांत पुन्हा घाबरतात. झोपताना भिंतीकडे तोंड करून पंखा लावा किंवा मोबाईलवर पावसाचा आवाज बारीक ठेवा, कानातल्या आवाजापेक्षा थोडा खालीच. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने आवाजाचा त्रासही बऱ्याचदा कमी होतो. गणपतीत, वरातीत डीजेजवळ उभं राहू नका. राहावं लागलंच तर इअरप्लग घाला.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली टिनिटसवर मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत गिंको, झिंक, मेलाटोनिन अशा गोळ्या देऊ नयेत असं सांगितलं आहे, आणि आवाजाचा त्रास कमी करण्यासाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाची शिफारस आहे. समुपदेशन सुचवलं म्हणजे "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असा अर्थ नाही. आवाज खरा असतो, मेंदूने त्याला दिलेलं महत्त्व कमी करता येतं.

किती दिवसांत फरक पडतो? जबड्याचं दुखणं आणि तोंड उघडणं आधी सुधारतं, आवाज मागाहून, आणि काहींचा आवाज थोडाच कमी होतो. माझा गेलेला नाही, पण रात्रीचा तीक्ष्णपणा गेला आहे. सहा ते आठ आठवडे नेमाने करा आणि वहीतले सुरुवातीचे आकडे आताच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. जबडा बरा झाला पण आवाज तसाच असेल तर पुन्हा कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा आणि ऑडिओमेट्री परत करा. जबडाच सुधारला नसेल तर दंतवैद्यांना फिजिओथेरपीची चिठ्ठी मागा. दोन्हीकडे जाताना जुना आलेख, ओपीजी आणि वही एकाच फाईलमध्ये ठेवा, आणि गार्ड वापरत असाल तर तोही डबीत घालून न्या. बसतो कसा ते त्यांना तपासावं लागतं.